चाकांची फळी आणि तिचीं चित्रें

मल्लाची योग्यता आखाड्यांत ठरते. क्रिकेटपटूची योग्यता त्यानें काढलेल्या धांवांवरून मोजली जाते. परंतु असाहि एक खेळ आहे, कीं ज्यांतील धंदेवाईक खेळाडूचें मोठेपण प्रथम मासिकाच्या पानावर आणि चित्रफितींत ठरत आलें. तो खेळ म्हणजे स्केटबोर्डिंग.

स्केटबोर्डाची रचना साधी असते. मेपल लांकडाचे सात पातळ थर एकमेकांस चिकटवून सुमारें 80 सेंटिमीटर लांबीची फळी करतात. तिच्या खालीं धातूचे दोन आंस आणि चार चाकें बसवितात. 1950 नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील लाटांवर फळीनें तरंगणाऱ्या तरुणांनीं, लाटा नसतील त्या दिवसांसाठीं हा खेळ रस्त्यावर आणला. प्रारंभींचीं चाकें धातूचीं किंवा भाजलेल्या मातीचीं असत. बारीक खडा आडवा आला तरी तीं अडत आणि स्वार पुढें फेंकला जाई. 1970 नंतर फ्रँक नॅसवर्दी यानें पॉलियुरेथेनचीं चाकें प्रचारांत आणलीं, तेव्हां फळीला रस्त्यावर पकड मिळाली.

पुढें 1978 च्या सुमारास फ्लॉरिडांतील ॲलन गेलफंड यानें उतरत्या भिंतीवरून, हात न लावतां, फळीसह हवेंत उडण्याची युक्ति साधली. त्याच्या टोपणनांवावरून तिला 'ऑली' म्हणतात. 1982 सालीं रॉडनी मलेन यानें ती सपाट जमिनीवर करून दाखविली. मागच्या पायानें फळीचें शेपूट जमिनीवर आपटावयाचें, उसळत्या टोंकाबरोबर उडी घ्यावयाची, आणि पुढचा पाय फळीवरून घासत नेऊन ती हवेंतच समतल करावयाची, हें तिचें मर्म. सांगावयास एक वाक्य पुरतें. अंगवळणी पडण्यास महिने लागतात.

अशा युक्त्या गुणफलकावर नीट उतरत नाहींत. त्या पाहाव्या लागतात. म्हणून या खेळांत नियतकालिकांना विशेष महत्त्व आलें. 1964 सालीं अमेरिकेंत या खेळाचें पहिलें त्रैमासिक निघालें. 1981 सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत 'थ्रॅशर' मासिक सुरू झालें. 1984 सालीं पॉवेल-पेराल्टा या फळ्या विकणाऱ्या कंपनीनें आपल्या खेळाडूंची चित्रफीत काढली. कारखानदार खेळाडूचें नांव फळीवर छापतो, विक्रीचा कांहीं अंश त्याला देतो, आणि चित्रें ती फळी खपवितात, असा हा व्यवहार आहे. वर्षांतील श्रेष्ठ स्केटरचा मान 1990 पासून 'थ्रॅशर' मासिकच देत आलें. पहिला मान टोनी हॉक यास मिळाला.

या व्यवहाराचा एक दोष मात्र गंभीर आहे. चित्रफितींत साधलेली उडी दिसते. तिच्या आधींचीं शेंकडों पतनें बहुधा कापलीं जातात. 1999 सालीं हॉक यानें हवेंत अडीच गिरक्या घेण्याचा पराक्रम केला, तेव्हां त्याचे फसलेले अनेक प्रयत्न प्रेक्षकांनीं एकामागून एक पाहिले होते. तो प्रसंग शिकाऊ मुलांनीं मुद्दाम पाहावा.

2021 सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत या खेळाचा प्रवेश झाला आणि पदकांचाहि मार्ग खुला झाला. 2022 सालीं गुजरातेंतील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड या मुलीनें रस्त्यावरील प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्याआधीं एक वर्ष प्रदर्शित झालेल्या, मंजरी माकिजनी यांच्या 'स्केटर गर्ल' या चित्रपटासाठीं राजस्थानांतील खेमपूर येथें काँक्रीटचें खरें क्रीडांगण बांधण्यांत आलें, आणि तें पुढें गांवच्या मुलांसाठीं ठेवण्यांत आलें. चित्र काढणाऱ्यांनीं मागें जमीनहि ठेवली, याचें मोल मोठें आहे.

मोहोळसारख्या तालुक्याच्या गांवींहि हीं चित्रें आज मोबाईलवर क्षणांत पोंचतात. गुळगुळीत काँक्रीट, शिरस्त्राण आणि जाणता सोबती मात्र तशीं पोंचत नाहींत. रहदारीच्या रस्त्यावर पाहिलेल्या उडीची नक्कल करणारा मुलगा हाड मोडून घेतो. वाहनें नसलेलें सपाट अंगण शोधावें, गुडघ्यांना आणि मनगटांना कवच बांधावें, आणि उडण्याआधीं अंग सैल ठेवून पडावयास शिकावें. नामांकित स्केटरहि याच वाटेनें गेले; तेवढाच भाग चित्रांत सहसा दिसत नाहीं.