मोसमकाठचं जनरल नॉलेज

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. हे चौथीतलं पोरही झोपेत सांगेल. पण सर्वांत उंच किल्ला कोणता, असं विचारलं की भलेभले रायगड-राजगड करत बसतात. उत्तर आहे साल्हेर, १५६७ मीटर. नामपूरहून ताहाराबादची वाट धरा, मुल्हेर मागे टाका, की तो समोर उभा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत नाशिक जिल्ह्याचा एकच, हाच.

याच गडाच्या पायथ्याशी फेब्रुवारी १६७२ मध्ये मोठं रण झालं. मोगलांनी साल्हेरला वेढा घातला होता. शिवाजी महाराजांनी एकीकडून प्रतापराव गुजर, दुसरीकडून मोरोपंत पिंगळे यांना धाडलं. चार प्रहर लढाई चालली. धुरळा असा उठला की तीन कोसांत आपलं-परकं दिसेना, असं सभासद बखर सांगते. मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे जंबुरा तोफेचा गोळा लागून पडले. मैदान मात्र मराठ्यांनी मारलं. मराठे फक्त गनिमी काव्यानेच लढत, असं मानणाऱ्यांना साल्हेर हे रोख उत्तर आहे.

आता द्राक्ष-डाळिंबाचं. बागलाणची, म्हणजे साल्हेर-मुल्हेरच्या या मुलखाची, ही ओळख बागायतदारांच्या या दोन-तीन पिढ्यांची, असं वाटतं ना? अकबराच्या दरबारी अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बागलाणची फळं नोंदवली आहेत, त्यांत द्राक्षं आणि डाळिंबं दोन्ही आहेत. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची पावतीच.

तेव्हा इथे बागुल राजांचं राज्य होतं, गादी मुल्हेरला. नारायणशहाच्या पदरी असलेल्या रुद्रकवीने १५९६ मध्ये या घराण्यावर वीस सर्गांचं संस्कृत महाकाव्य रचलं. नाव ‘राष्ट्रौढवंश’. त्याआधी तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजीच्या फौजेपुढे गुजरात सोडावा लागलेला कर्ण वाघेला आश्रयाला आला, तोही बागलाणातच.

पाण्याचं शहाणपणही इथलंच. मोसम, पांझरा या नद्यांवर छोटे बंधारे बांधून पाटाने पाणी फिरवायची फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळणार. सहकार हा शब्द कायद्यात यायच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी तो असा बांधावर राबवला.

आणि सटाण्याचे देवमामलेदार! यशवंत महादेव भोसेकर. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदाराने सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी उघडला. रक्कम सांगतात ती १ लाख २७ हजार रुपये. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ आणि दरवर्षी मार्गशीर्षात त्याची यात्रा, असं दुसरं उदाहरण शोधूनच काढावं लागेल.

नामपूरच्या गुरुजी-बाईंना एक विनंती: यंदाच्या प्रश्नमंजूषेत ॲमेझॉन-नाईल जरूर ठेवा, पण निदान पाच प्रश्न बागलाणचे घाला. पहिला मीच देतो. मोसम कोणत्या नदीला मिळते? गिरणेला, मालेगावच्या पुढे.