शेती आणि संस्था – लेखांक सातवा : रुमालाखालचा सौदा

गेल्या लेखांकात आपण सातबाऱ्याचा विचार केला. जमिनीवरील हक्काची नोंद पक्की झाल्यावर शेतकरी निर्धास्तपणे पीक काढतो खरा, पण ते पीक गाडीत भरून तो शिवाराबाहेर पडला की त्याचे भवितव्य एका निराळ्याच संस्थेच्या हाती जाते, आणि ती संस्था म्हणजे बाजार.

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहमार्गालगत करमाड वसले आहे. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत त्याच्या शिवेला येऊन भिडली असली, तरी भोवतालचा कास्तकार अद्याप कपाशी, मका, बाजरी आणि तूर यांवरच आपला प्रपंच चालवितो. करमाडच्या उपबाजारात किंवा जाधववाडीच्या मुख्य बाजारात माल नेताना, लिलाव उघड बोलीने होईल, वजन परवानाधारक मापाडी करील आणि कापलेला प्रत्येक पैसा हिशेबपट्टीवर उतरेल, हे तो आपला हक्कच मानतो. त्याच्या पणजोबास मात्र यांपैकी एकाही गोष्टीचा भरवसा नव्हता.

त्या काळी अडत्या आणि खरेदीदार हातांवर रुमाल टाकीत, त्याखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि मालाचा धनी समोर उभा असूनही आपल्याच मालाचा सौदा केवढ्याला होत आहे हे त्यास समजत नसे. या ‘हत्ता’ पद्धतीने ठरलेल्या भावातून पुढे कडता, तोलाई, नमुना, धर्मादाय अशा नानाविध नावांनी वजावट होई. यात व्यापारी जात्या दुष्ट होता असे मानण्याचे कारण नाही. जेथे नियम नाही तेथे सज्जनासही लबाडाच्या रिवाजानेच धंदा करावा लागतो, आणि संस्थेचे प्रयोजन नेमके येथे उत्पन्न होते.

हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडास आणि १९२७ साली मुंबई इलाख्यास तत्संबंधी कायदे मिळाले. पाठोपाठ १९२८ साली शाही कृषी आयोगाने अशा बाजारांची शिफारस केली, आणि ज्या निजामी मुलखात तेव्हा करमाड होते तेथे १९३० साली बाजारांचा कायदा झाला. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६३ च्या अधिनियमाने ही सारी व्यवस्था एकसूत्री केली.

परंतु उघड लिलाव झाला म्हणून शेतकरी मोकळा झाला काय? पेरणीच्या वेळी ज्या अडत्याकडून उचल घेतली, त्याच्याच दुकानी माल उतरविणे ज्यास भाग आहे, त्यास दहा खरेदीदारांची बोली ऐकू येऊनही दुसऱ्या दुकानाची वाट मोकळी नसते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या गोरवाला समितीच्या पाहणीत, ग्रामीण कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के सावकारांकडून आणि केवळ तीन टक्क्यांच्या आसपास सहकारी संस्थांकडून येते असे आढळले. तेव्हा बाजाराचा नियम कर्जाच्या नियमावाचून पांगळाच राहतो.

दुसरा धोका संस्थेच्या पोटातच असतो. घानामध्ये १९४७ साली स्थापन झालेले कोको मंडळ भावाचे चढउतार सौम्य करण्यासाठी होते. पुढे तेच उत्पादकाकडून महसूल काढण्याचे साधन बनले. आपल्याकडेही बाजार समित्या मूठभरांच्या मिरासी होऊ लागल्याची तक्रार जुनी आहे, आणि २०१६ साली फळे-भाजीपाला समितीच्या नियमनातून वगळून अडत खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद राज्याने केली, ती याच पार्श्वभूमीवर. तथापि, आवाराबाहेर सौदा मोकळा होताच तेथील काटा कोण तपासणार, हा प्रश्न उरतोच. रुमाल हातावरून निघाला, तरी तो पुन्हा पडू नये म्हणून कोणाची तरी नजर लागते. आणि ज्याची पोती काट्यावर आहेत, त्याच्या नजरेइतकी जागरूक नजर दुसरी कोणाची असणार?

पुढील लेखांकात, पेरणीच्या उचलीला पर्याय म्हणून उभी राहिलेली गावची सोसायटी.