दूरचें लक्ष्य आणि जवळचें मैदान

महाविद्यालयांत असतांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत .२२ बोअरच्या रायफलीनें पांचदहा गोळ्या झाडल्या, पुढें नोकरी आणि संसार यांच्या रगाड्यांत रायफल सुटली ती सुटलीच, असे गृहस्थ शहरांतून पुष्कळ आढळतात. मुलें मोठीं होऊन थोडी उसंत मिळाली म्हणजे त्या जुन्या छंदाची आठवण होते. आणि मधल्या वर्षांत हौस मात्र वाढलेली असते. तेव्हां २५ मीटरवर नेम धरला, आतां ३०० मीटरवर, जमल्यास हजार यार्डांवर धरून पाहावा, असें वाटूं लागतें. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा.

या प्रश्नाचें सोपें वाटणारें उत्तर म्हणजे एखाद्या स्नेह्याचें शेत किंवा गांवाबाहेरचा माळ. हें उत्तर अत्यंत घातक आहे. .२२ ची चिमुकली गोळीहि दीड किलोमीटरच्या आसपास जाऊं शकते; लष्करी रायफलीची गोळी चार किलोमीटरच्या घरांत पोंचते. आपल्याकडील माळ दिसतो तितका ओसाड कधींच नसतो. गुराखी असतो, सरपण वेंचणारी बाई असते, पायवाटेनें शाळेला निघालेलीं मुलें असतात. परवाना खिशांत आहे म्हणून वाटेल तेथें गोळी झाडतां येते, असेंहि नाहीं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्यें २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें बेफिकिरीनें गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणें हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. परंतु कायद्याहूनहि मोठी गोष्ट ही कीं, सुटलेली गोळी परत बोलावतां येत नाहीं.

म्हणूनच चांदमारीच्या मैदानाची योजना झाली. लक्ष्यामागें गोळी गिळणारा मातीचा उंच बांध, त्याच्याहि मागें निर्मनुष्य राखलेला टापू, नेमबाजी चालूं असल्याची खूण म्हणून फडकणारें तांबडें निशाण, आणि ज्याच्या एका शब्दासरशी सर्वांच्या रायफली खालीं ठेवल्या जातात असा मैदानाधिकारी, इतकें जेथें आहे तेंच खरें मैदान. अंतर वाढतें तसा हा राखीव टापूहि वाढवावा लागतो, आणि लांब पल्ल्याचीं मैदानें विरळ असण्याचें मुख्य कारण हेंच होय. इंग्लंडांत बिस्ली येथें १८९० पासून प्रसिद्ध मैदान आहे व तेथें १,२०० यार्डांपर्यंत नेमबाजी चालते. आपल्या देशांत ३०० मीटर व त्यापुढील मैदानें बहुतेक लष्कर आणि पोलीस यांच्या ताब्यांत असतात. तेथें खासगी नागरिकास परवानगीवांचून प्रवेश नसतो, आणि ती परवानगी मान्यताप्राप्त संस्थेच्या द्वारेंच मागणें इष्ट.

मग हौशी माणसानें निराश व्हावें काय? मुळींच नाहीं. नेमांतील दोष कोनाचा असतो. अंतर त्या दोषाला केवळ मोठा करून दाखवितें. जो हात ५० मीटरवर १ सेंटिमीटर चुकतो, तो ३०० मीटरवर ६ सेंटिमीटर आणि हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, सुमारें १८ सेंटिमीटर चुकेल. त्यांत वाऱ्याची भर पडते. हजार यार्ड जाण्यास लष्करी बोअरच्या गोळीला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्यांत ताशीं १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा तिला दोन मीटरांहून अधिक बाजूला ढकलतो. ज्याचा हातच स्थिर नाहीं त्याला चूक वाऱ्याची कीं आपली हें कळणार कसें? याचें शिक्षण जवळच्या मैदानावरच मिळतें. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद असतें. १० मीटरच्या वायु-रायफलीच्या लक्ष्यावर तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. जवळचें मैदान हा पोरखेळ नव्हे!

असें मैदान मिळविण्याचा राजमार्ग रायफल क्लबांतून जातो. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ सालीं स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक, आणि त्यांच्या नांवें अखिल भारतीय स्पर्धा भरविली जाऊं लागली. या संस्थेखालीं राज्य संघटना व त्यांच्या खालीं जिल्ह्यांतील क्लब अशी रचना आहे. पुण्यास बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत १०, २५ व ५० मीटरचीं मैदानें आहेत. मुंबईंत वरळीच्या मैदानानें अनेक नेमबाज घडविले आहेत. सभासद होण्यापूर्वीं एक दिवस नुसतें पाहण्यासाठीं जावें. नव्या माणसाला तेथें प्रश्न विचारतात काय, त्याचे कागद तपासतात काय, लक्ष्याकडे कोणी चालत गेल्यावर एकहि हात रायफलीला लागत नाहीं ना, हें बघावें. जेथें कोणी कांहींच विचारीत नाहीं, तेथून मुकाट्यानें परत फिरावें.

आरंभ वायु-रायफलीनें करावा. स्पर्धेंतील ४.५ मिलिमीटरच्या सामान्य वायु-रायफलीस परवाना लागत नाहीं. मात्र ती विकत घेतांना ओळखीचे व पत्त्याचे कागद द्यावे लागतात. क्लबाचीच रायफल वापरतां आली तर प्रारंभीं खरेदीची घाई नको. पूर्वीं शिकलेल्याची अडचण निराळीच असते. त्याला विद्या आठवते, पण शरीर बदललेलें असतें. पुढची माशी आतां अंधुक दिसते, म्हणून डोळे तपासून घ्यावेत. श्वास आणि चाप यांचा मेळ नव्यानें बसवावा. घरीं नळी रिकामी असल्याची दोनदां खात्री करून, भक्कम भिंतीसमोर, छर्र्यावांचून केलेला नित्याचा सराव यासाठीं फार उपयोगी पडतो.

कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसळे यानें २०२४ च्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें ५० मीटरच्याच रायफल-स्पर्धेंत. १९५२ सालीं खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ज्याला पन्नास मीटर पुरतात त्याला पुढेंमागें तीनशेंहि मिळतील, कारण तोंवर क्लब त्याला ओळखूं लागतो, त्याच्या शिस्तीची हमी घेण्यास पुढें येतो आणि राखीव मैदानाचें दारहि त्याच हमीवर उघडतें. हौसेनें आधीं अंतर मागूं नये. आधीं विश्वास मिळवावा.