बांडगुळाचे बी



उन्हाळ्याच्या दिवसांत आंब्याखाली उभे राहून कधी नीट वर पाहिले आहे का? सगळे झाड एका पानाचे, एका रंगाचे. पण मध्येच एखाद्या फांदीवर निराळाच झुबका दिसतो. पाने जाड, चिवट, किंचित राखट हिरवी. झुबक्याच्या पुढची आंब्याची फांदी मात्र रोडावलेली असते, कधी पार वाळून गेलेली असते. हेच आपले बांडगूळ.

आमच्या परसात आजोबांनी लावलेला एक रायवळ आंबा होता. त्यावर पहिले बांडगूळ आले तेव्हा मी तिसरीत होतो. त्याची नारिंगी, नळीसारखी फुले मोठी देखणी. त्यांवर शिंजीर पक्षी यायचे. म्हणून घरात कोणी त्याला हात लावला नाही. "असू दे, त्याचं काय खायला मागतंय?" असे आजी म्हणायची. ते काय खात होते, हे तिला ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. दहा-बारा वर्षांत झाडावर आंब्याची पाने थोडी आणि बांडगुळाची फार, अशी गत झाली. लोणच्यापुरत्याही कैऱ्या मिळेनात. शेवटी झाड तोडायची पाळी आली. तोडायला आलेल्या गड्याने फांदीवरची नारळाएवढी गाठ दाखवली आणि म्हणाला, "बोटाएवढं होतं तेव्हाच काढायचं होतं, दादा."

ते बोटाएवढे असते तेव्हा कसे दिसते आणि मुळात इतक्या उंच येते कसे, हे आज आपण पाहू. शिक्षकबंधू आणि भगिनींनी तर हे मुलांना प्रत्यक्षच दाखवावे. त्याची सोपी रीत पुढे सांगतो.

प्रथम ओळख. संस्कृतात या जातीच्या झुडपाला वृक्षादनी म्हणतात. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी. नाव योग्य आहे, पण अर्धेच खरे आहे. बांडगुळाची पाने हिरवी असतात. सूर्यप्रकाशात ते आपले अन्न स्वतः शिजवते. त्याला नसते ती मातीतली मुळे. म्हणून पाणी आणि क्षार ते यजमान झाडाकडून घेते. सालीतून आत घुसणारे एक शोषक मूळ ते थेट लाकडात रोवते आणि झाडाने खालून वर चढवलेले पाणी मध्येच पळवते. पुढच्या फांदीला पाणी पुरत नाही आणि ती वाळते. शास्त्रात अशा वनस्पतीला अर्धपरोपजीवी म्हणतात. पिवळ्या दोऱ्यांची अमरवेल निराळी. तिला पाने नसतात आणि ती तयार अन्नही यजमानाकडूनच शोषते. आणखी एक सूचना. झाडावर उगवलेले सारेच बांडगूळ नव्हे. आमरी, म्हणजे ऑर्किड, आणि नेचे हे झाडावर नुसते बसलेले असतात, त्याच्या लाकडात मूळ घालीत नाहीत. त्यांना उगाच ओरबाडू नये.

आता हे वर येते कसे? वाऱ्याने नव्हे. बांडगुळाचे बी वाऱ्याने उडण्यासारखे नसते. ते नेतो एक पक्षी, चिमणीहूनही पुष्कळ लहान. त्याला फुलटोच्या म्हणतात. बांडगुळाची पिकलेली फळे हे त्याचे आवडते खाणे. फळात एकच बी असते आणि त्याभोवती डिंकासारखा चिकट गर असतो. पक्ष्याच्या पोटात ते फार वेळ राहत नाही. थोड्याच मिनिटांत बी जसेच्या तसे, चिकटपणासकट बाहेर पडते. ते सहजी खाली पडत नाही, म्हणून पक्षी फांदीवर अंग घासून ते पुसून टाकतो. बी नेमके सालीवर चिकटते. पेरणी झाली! सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी कोकणातल्या बांडगुळाचा प्रसार शिंजीर आणि फुलटोच्या यांच्यामुळे कसा होतो याचा अभ्यास करून १९३१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला होता. शिंजीर फुलातला मध पिताना पराग इकडून तिकडे नेतो, तर फुलटोच्या बी नेतो.

तुम्हाला नवल वाटेल, पण जे आपण काढून टाकतो तेच इंग्लंडात काही लोक घरच्या बागेत मुद्दाम लावतात. तिकडचे बांडगूळ आपल्याच्या नात्यातले, पण निराळे. त्याचे नाव मिसलटो. त्याची फळे मोत्यासारखी पांढरी असतात आणि नाताळात त्याच्या डहाळ्या दारावर टांगण्याची चाल आहे. टेनबरी वेल्स या गावी तर नाताळापूर्वी त्याच्या जुड्यांचा लिलाव होतो.

ते लोक हे लावतात कसे, हे ऐकण्याजोगे आहे, कारण त्यात बियाचा स्वभाव कळतो. नाताळातली फळे बहुधा पुरती पिकलेली नसतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतात. पिकलेले फळ बोटांनी दाबून बी काढतात आणि सफरचंदाच्या कोवळ्या, बोटाएवढ्या जाड फांदीवर त्याच्याच चिकाने चिकटवतात. साल कापावी लागत नाही. बी आपली वाट आपण काढते. त्याला उजेड लागतो, म्हणून ते झाकत नाहीत. एकदोन बियांवर भागत नाही, पंधरा-वीस तरी लावावी लागतात, कारण पुष्कळशी पाखरे-किडे खातात किंवा वाळून जातात. तिकडच्या जातीत नर झाड वेगळे, मादी वेगळे. दोन्ही असल्याशिवाय फळ धरत नाही. शिवाय धीर हवा. पहिले वर्ष काही घडतच नाही असे वाटते, आणि फळे दिसायला चार-पाच वर्षे तरी जातात.

म्हणजे पाहा, मुद्दाम लावणाऱ्याला इतके कष्ट पडतात. मग आपल्याकडे ते माजते कसे? कारण आपल्याकडे पेरणारा पक्षी रोज, दिवसभर काम करतो, आणि आपण वर पाहत नाही.

आता शाळेत किंवा घरी करायचा प्रयोग. आपल्याकडे बांडगूळ बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात फुलते आणि उन्हाळ्याच्या सुमारास फळे पिकतात. प्रदेशाप्रमाणे थोडे मागेपुढे होते. खाली पडलेल्या किंवा छाटलेल्या फांदीवरची दहा-बारा पिकलेली फळे आणा. फळे खाऊ नयेत, आणि त्यांसाठी मुलांना झाडावर चढवू नये. फळ दाबून बी मोकळे करा. एक बी वाळक्या काटकीवर, एक खापराच्या तुकड्यावर, एक काचेच्या तुकड्यावर चिकटवा. एक कुंडीत मातीखाली पुरा. काच, खापर आणि काटकी खिडकीशी, उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवा. जिवंत झाडावर मात्र एकही बी लावू नका. आपण शिकायला बसलो आहोत, पेरायला नाही.

काही दिवसांत मुलांना गंमत दिसेल. बिया ताज्या असल्या तर काटकीवर, खापरावर, अगदी काचेवरसुद्धा बी उगवते! माती नाही, पाणी घातलेले नाही, तरी एक हिरवा कोंब बाहेर येतो. त्याला लागणारी शिदोरी बियातच असते. हा कोंब उजेडाकडे जात नाही. तो उजेडाकडे पाठ फिरवून वाकतो आणि ज्यावर बी बसले आहे तिकडे वळतो. झाडावर उजेडाच्या उलट दिशेला साल असते, म्हणून हा स्वभाव त्याच्या कामाचा. कोंब निघताच काचेची बाजू फिरवून ठेवा आणि तो पुन्हा कसा वळतो ते मुलांना रोज तारीख घालून वहीत काढायला सांगा. कोंबाचे टोक टेकले की ते चपटे होते आणि बटणासारखे चिकटून बसते. काच उलटी धरली तर ही चकती खालून स्वच्छ दिसेल. झाडावर याच चकतीखालून ते सालीत घुसते. काचेत आणि खापरात घुसायला वाव नाही, आणि वाळक्या काटकीत पाणी नाही. म्हणून शिदोरी संपली की तिन्ही ठिकाणचे रोप उपाशी मरते. आणि मातीत पुरलेल्या बियाचे झाड होत नाही. आपण मातीला आई म्हणतो; हे एक लेकरू असे की त्याला मातीची ओळखच नाही.

हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढचा उपाय सांगावा लागत नाही. तरी थोडक्यात सांगतो.

एक. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बागेतल्या फांद्या नीट पाहा. सालीवर बसलेले दोन-चार पानांचे रोप दिसले तर ते चाकूने खरवडून मुळासकट काढा. हे काम दोन मिनिटांचे आहे. हेच ते "बोटाएवढे".

दोन. झुबका मोठा झाला असेल तर नुसता पाला ओरबाडून उपयोग नाही. शोषक मूळ लाकडात राहते आणि पुन्हा फुटते. शिवाय आपले बांडगूळ सालीवरून मुळासारखे धुमारे सरपटत नेते आणि जागोजागी नवे शोषक मूळ रोवते. म्हणून गाठीच्या बुंध्याकडच्या बाजूला साधारण हातभर अंतर सोडून फांदीच कापा. कापलेल्या जागी मोरचूद आणि चुना यांची बोर्डो पेस्ट लावा.

तीन. गाठ खोडावर किंवा मोठ्या फांदीवर असेल आणि फांदी कापणे शक्य नसेल, तर गाठ आणि धुमारे तासून काढा आणि दरवर्षी त्या जागेवर नजर ठेवा. एका खेपेत ते संपत नाही.

चार. हे सारे फळे पिकण्यापूर्वी करा. फूल दिसले की समजावे, आता मुदत थोडी आहे. फळ पिकले की पक्षी येणारच.

पाच. पक्ष्याला बांध कळत नाही. तुमची बाग स्वच्छ आणि शेजाऱ्याची भरलेली, तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे रोपे हजर. आंब्याइतकेच चिकूवर आणि बांधावरच्या शिरीषावर, कडुनिंबावरही लक्ष हवे. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकाच पंधरवड्यात हे काम उरकावे. कापलेला पाला शेळ्यांना घाला, त्या खातात.

शेवटी एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगतो. फुकट खाणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो, त्यामुळे या झुडपाविषयी मनात रागच असतो. पण पिवळी-तांबडी नक्षी असलेले हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालते, आणि त्याच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. शिंजीर आणि फुलटोच्या यांची गोष्ट तर वर आलीच. रानातल्या झाडांवर थोडे बांडगूळ असले तर ते रानाचेच आहे. तिथे कोयता घेऊन धावू नये. आपले भांडण आहे ते बागेतल्या, परसातल्या झाडापुरते.

आमचा आंबा गेला. त्याच्या जागी मी दुसरा लावला आहे, आणि त्याला आता मोहोर येतो. दरवर्षी दिवाळीनंतर मी एकदा त्याच्याभोवती फिरून फांदी न् फांदी पाहतो. गेल्या खेपेस दोन रोपे सापडली. नखाने निघाली. तुम्हीही उद्या सकाळी परसात जाल तेव्हा एवढेच करा, जरा थांबा आणि वर पाहा.