डोलकाठी उतरल्यावर

शिडाच्या नौकेचे चित्र काढावयास सांगितले तर लहान मूलही आधी उंच डोलकाठी काढील. ही डोलकाठीच उतरवून ठेवली आणि नौका केवळ इंजिनावर चालविली, तर काय होईल? आमच्या घरी मासेमारीची होडी आहे. ती इंजिनावर चालते. तिच्यावर उंच डोलकाठी नाही. तेव्हा डोक्यावरचा भार गेला म्हणजे नौका अधिक स्थिर होत असेल, असे कोणालाही सहज वाटेल. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. ती का, हे समजावून देण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे समीकरणांची भीती वाचकांनी बाळगू नये!

डोलकाठी मुद्दाम उतरविण्याचे प्रसंग येतात ते मुख्यतः कालव्यांत. अमेरिकेतील ईरी कालवा १८२५ साली खुला झाला. हडसन नदीतून पंचमहासरोवरांकडे जाणाऱ्या यॉट, म्हणजे सहलीच्या वा शर्यतीच्या शिडाच्या नौका, आजही या मार्गाने जातात. कालव्याच्या पश्चिम भागात पुलांखाली पाण्यापासून सुमारे साडेपंधरा फूटच जागा मिळते आणि पस्तीस फुटी यॉटची डोलकाठी पन्नास फुटांच्या आसपास असते. म्हणून कालव्यात शिरण्यापूर्वी यारीने काठी उचलून घेतात आणि लाकडी घोड्यांवर आडवी बांधतात. तिची टोके पुढे-मागे नौकेच्या बाहेर डोकावतात. कालव्याचे पाणी संथ असते, त्यामुळे तेथे फारसे बिघडत नाही. खरी परीक्षा होते ती लाटांत.

डोंबाऱ्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिला आहे. दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांब काठी आडवी धरते. काठीमुळे तिचे वजन वाढते, तरी तोल सांभाळणे सोपे जाते. कारण मध्यापासून दूर असलेले वजन चटकन फिरत नाही. हे अंतर दुप्पट झाले की फिरण्यास होणारा विरोध चौपट होतो. डोलकाठीचेही तसेच आहे. नौकेच्या मानाने तिचे वजन थोडे, परंतु ते फार उंचावर असते. त्यामुळे लाट आदळली तरी नौका एकदम न कलंडता सावकाश कलते.

यॉटच्या तळाशी शिशाचा किंवा बिडाचा जड कणा असतो. डोलकाठी गेली की हा कणा नौकेला झटकन सरळ करतो, लगेच दुसऱ्या बाजूस झुकवितो आणि पुन्हा सरळ करतो. शिडात भरलेल्या वाऱ्याचा आधारही उरलेला नसतो. अशा भराभर बसणाऱ्या हिसक्यांत उभे राहणे कठीण होते. मासेमारीच्या होडीचे तसे नाही. तिचा सांगाडा मुळातच इंजिनाच्या हिशेबाने बांधलेला असतो.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड व आयर्लंडमधील समुद्रात फास्टनेट शर्यत वादळात सापडली. निघालेल्या ३०३ नौकांपैकी २४ सोडून द्याव्या लागल्या आणि १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर नौका कशा उलटतात याचा कसून अभ्यास झाला. फुटणाऱ्या लाटेच्या तडाख्याला डोलकाठीचे उंचावरील वजन विरोध करते आणि काठी मोडलेली नौका पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

काठी मोडल्यावर इंजिन चालू करण्याची घाई करणेही घातक ठरते. तुटलेले दोर आणि शिडे पाण्यात लोंबत असतात. ती पंख्यात गुंतली तर इंजिनही गेले. म्हणून आधी दोर आत ओढून घ्यावेत अथवा कापून टाकावेत. मोडकी काठी नौकेच्या अंगावर आदळून भोक पाडीत असेल, तर तीही सोडून द्यावी लागते. मग इंधनाचा हिशेब करावा. समजा, टाकीत १०० लिटर डिझेल आहे, तासाला ३ लिटर लागते आणि वेग ५ नॉट आहे. म्हणजे सारे इंधन संपेतो सुमारे १६५ सागरी मैल अंतर कापले जाईल. किनारा हजार मैलांवर असेल, तर उरलेल्या काठ्या-दोरांचे तात्पुरते शीड उभारण्यावाचून गत्यंतर नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही नौकेचे रूप पालटते. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिनावर चालणारी यॉट ही यांत्रिक नौका ठरते, आणि एरवी शिडाच्या नौकांना वाट देणे हे तिचे कर्तव्य होते. तिने दिवेही यांत्रिक नौकेचेच लावावयाचे. परंतु काठीवरचे दिवे आणि रेडिओची तार काठीबरोबरच गेलेली असते! म्हणून शहाणे नाविक जादा दिवे व तार जवळ बाळगतात.

या विषयाचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहेली' नौका मुंबईत बांधलेली होती. तिच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटी फिरविली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. २४ तारखेस 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. शर्यतीतील आयरिश नाविक ग्रेगर मॅकगकिन यांच्याही नौकेची काठी मोडली होती; तरी तात्पुरते शीड उभारून ते टॉमींच्या दिशेने निघाले होते. पुढे टॉमींनी हीच शर्यत २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

डोलकाठी म्हणजे केवळ शीड अडकविण्याचा खांब नव्हे. नौकेचा तोल, तिचा दिवा आणि तिचा आवाजही तिच्यावरच असतो. ती उतरविणाऱ्याने या तिन्हींची सोय आधी करावी आणि मगच इंजिनाची कळ दाबावी.