परोपकारांत सहकार्य

गरजूंस साहाय्य करणें हा मनुष्याचा धर्म आहे, हें आपणां सर्वांस बाळपणापासून शिकविलें जातें. परंतु तें साहाय्य योग्य घरीं, योग्य वेळीं आणि योग्य प्रमाणांत पोहोंचविणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, हें थोड्यांच्याच लक्षांत येतें. त्या विद्येविषयीं चार शब्द आम्ही येथें सांगूं इच्छितों.

समजा, मजुरीवर घर चालविणारा एक गृहस्थ क्षयानें अंथरुणास खिळला आहे. घरीं वृद्ध आई, पत्नी व शाळेंत जाणारीं तीन मुलें आहेत. शहरांत एक संस्था औषध देते, दुसरी शिधा वांटते, तिसरी मुलांची फी भरते, चौथी बायकांस शिवणकाम देते. मदतीस तोटा नाहीं; पण त्या माउलीनें चार दारें झिजवावीं, चार वेळां आपलें दुःख उघडें करावें, आणि तोंपर्यंत रुग्णाजवळ कोणीं बसावें? शिवाय ज्यास मागण्याची कला साधली त्यास दोन ठिकाणांहून शिधा मिळतो, आणि भिडस्त कुटुंब उपाशी राहतें. यांत संस्थांच्या ठायीं दया नाहीं असें नव्हे. एकीचें काम दुसरीस ठाऊक नाहीं, एवढेंच.

ही अडचण नवी नाहीं. यरुशलेमेंतील आरंभींच्या मंडळीत रोजच्या वांटणींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊं लागलें, तेव्हां त्या कामासाठीं सात जणांची निवड करण्यांत आली, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत नमूद आहे.

अर्वाचीन काळीं या प्रश्नाचा पद्धतशीर विचार लंडन शहरांत झाला. तेथें १८६९ सालीं ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. शहराच्या निरनिराळ्या भागांत तिच्या समित्या असत. अर्ज करणाऱ्या कुटुंबाची घरीं जाऊन चौकशी करावी, आणि कोणत्या संस्थेनें काय द्यावें हें ठरवावें, असा त्यांचा क्रम असे. पुढें १८७७ सालीं गर्टीन नांवाच्या पाळकानें अमेरिकेंतील बफालो शहरीं हीच पद्धति सुरू केली.

याच पद्धतीचें एक पाऊल पुढें पडलें तें अमेरिकेंतीलच डेन्व्हर येथें. हें कोलोरॅडो राज्यांतील शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५,२८० फूट उंचीवर आहे. खाणींच्या आशेनें तेथें लोक लोटले. कोरड्या हवेनें गुण येईल म्हणून क्षयाचे रोगीही आले. पुष्कळांची निराशा झाली, आणि परक्या मुलखांत पैसा व आप्त यांवांचून कुटुंबें उघडीं पडलीं. १८८७ सालीं फ्रान्सिस वाइजबार्ट जेकब्स या यहुदी बाई, विल्यम ओ’रायन हे कॅथॉलिक धर्मगुरु, आणि मार्टिन हार्ट व मायरन रीड हे प्रॉटेस्टंट पाळक यांनीं मिळून एक संघटना उभारली. प्रत्येक संस्थेनें वेगळी वर्गणी मागत हिंडण्याऐवजीं सर्वांनीं मिळून एकदांच मागावें व जमलेली रक्कम गरजेप्रमाणें वांटून घ्यावी, असें ठरलें. पहिल्याच मोहिमेंत २१,७०० डॉलर जमले. आपापलें धर्ममत कोणींही सोडलें नाहीं. उपाशी मुलास अन्न द्यावें याविषयीं मात्र कोणाचेंही दुमत नव्हतें. जेकब्सबाई १८९२ सालीं निवर्तल्या. कोलोरॅडोच्या विधानभवनाच्या घुमटांत १६ अग्रणी व्यक्तींचीं रंगीत कांचचित्रें आहेत, त्यांत स्त्री त्या एकट्याच. त्या उद्योगांतूनच पुढें ‘युनायटेड वे’ ही चळवळ वाढली, आणि त्या नांवाची संस्था आज मुंबईंतही काम करीत आहे.

अशा सहकार्याचीं मुख्य अंगें तीन. पहिलें, सर्व संस्थांची मिळून एक नोंदवही, जी बाहेरच्या कोणासही दाखवीत नाहींत. दुसरें, प्रत्येक कुटुंबामागें एकच कार्यकर्ता, म्हणजे त्यांस आपली कथा एकदांच सांगावी लागते. तिसरें, सामाईक निधि.

मात्र चौकशी हें दुधारी शस्त्र आहे. लंडनच्या संस्थेनें गरिबांमध्यें ‘पात्र’ व ‘अपात्र’ असा भेद केला, आणि तिच्या कठोरपणावर त्या काळींच टीका झाली. बाप व्यसनी असला म्हणून मुलांची भूक खोटी ठरत नाहीं. नोंदवही कोणतें घर वगळावें यासाठीं नसून कोणतें घर राहून गेलें हें कळावें यासाठीं असते, हा विवेक सुटला कीं सर्व व्यवस्था व्यर्थ होय.

आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एवढेंच सांगणें आहे. सणाच्या दिवसांत धान्य किंवा कपडे गोळा कराल, तेव्हां वांटण्यापूर्वीं आपल्या वस्तींतील मंडळी, देवालय, मशीद, महिला मंडळ यांस विचारा कीं, कोणाकडे मदत पोहोंचली आहे व कोण राहिलें आहे. आणि एखाद्या सोबत्याची फी दुसऱ्यानें भरली हें कळलें, तर तें जिभेवर येऊं देऊं नका. त्या घराची लाज राखणें हाही त्या साहाय्याचाच एक भाग आहे.