लसणाच्या वासाचं गांडूळ

अमेरिकेत बास माशासाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या मऊ गांडुळांचं पाकीट फोडलं, की अनेकदा नाकात शिरतो तो लसणाचा भपकारा. शेजारच्या पाकिटाला बडीशेपेसारख्या अ‍ॅनिसचा वास. त्यापुढच्याला क्रेफिशचा, म्हणजे ओढ्यातल्या दगडांखाली राहणाऱ्या, मोठ्या नांग्यांच्या झिंग्यासारख्या जिवाचा. क्रेफिशचं एक वेळ समजतं. लार्जमाउथ बासचं ते नेहमीचं खाणं आहे. पण तळ्यातल्या बासने लसूण कधी खाल्ला?

या गांडुळाचा जन्म ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावचा. 1949 मध्ये निक क्रीम याने घरच्या स्वयंपाकघरात खऱ्या गांडुळाचा साचा घेऊन त्यात व्हायनिल ओतलं. आज हा माल मुख्यतः प्लॅस्टिसॉलचा असतो: पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. साधारण 175 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते साच्यात ओततात. या तापलेल्या रसात पाण्याचा अंश गेला, तर तो उसळून अंगावर उडतो. त्यामुळे वास मिसळायचा तर तो तेलातून.

गोची नेमकी इथेच आहे. माणसाला वास येतो हवेतून. माशाला येतो तो पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा. बासच्या थुथनावर दोन्ही बाजूंना नाकपुड्यांची जोडी असते. पुढच्या छिद्रातून पाणी आत शिरतं, गंध टिपणाऱ्या घड्यांवरून वाहतं आणि मागच्या छिद्रातून निघून जातं. श्वासाशी या नाकाचा संबंध नसतो. माशाचं नाक आणि जीभ जागी होते ती प्रामुख्याने अमिनो आम्लांनी, म्हणजे प्रथिनांच्या घटकांनी. ती पाण्यात सहज विरघळतात. तेल विरघळत नाही, बरंचसं वर तरंगतं. दुकानात घमघमणारं गांडूळ पाण्याखाली जवळपास मुकं असू शकतं. लसणाचा भपकारा मग कुणासाठी, याचं निम्मं उत्तर पाकीट विकत घेणाऱ्याच्या नाकात सापडतं.

शिवाय बास वासामागे धावणारा मासा नव्हे. आपल्याकडच्या मागुराच्या गोतावळ्यातला चॅनल कॅटफिश अंगभर पसरलेल्या चवीच्या कळ्यांनी गढूळ पाण्यातही खाणं हुडकतो. बास मुख्यतः डोळ्यांनी आणि अंगाच्या बाजूवरच्या कंपनं टिपणाऱ्या रेषेने शिकार करतो. झाडाच्या बुंध्याआड दबा धरायचा, आणि सावज टप्प्यात आलं की जबडा झटक्यात उघडून पाण्यासकट आत ओढायचं.

चवीचा प्रश्न येतो तो त्यानंतर. घास तोंडात गेल्यावर बास तो पारखतो. पसंत पडला नाही तर लगेच बाहेर फेकतो. दोरा जरा सैल असला, तर काठी धरलेल्याला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जाणकार गळकरी चवीकडून मागतो ते फार थोडं: माशाने घास आणखी क्षणभर धरावा, तेवढ्यात हिसका देऊन गळ रुतवता यावा. लांबच्या माशाला निमंत्रण धाडायची जबाबदारी तो आमिषाच्या रंगावर, हालचालीवर आणि स्वतःच्या फेकीवर सोडतो.

या क्षणाचा धंदा आयोवातल्या स्पिरिट लेक गावच्या बर्कली कंपनीने ओळखला. 1937 मध्ये बर्कली बेडेल या शाळकरी मुलाने पेपर टाकून साठवलेल्या पैशांवर ही कंपनी काढली. पुढे तो अमेरिकी काँग्रेसमध्ये खासदारही झाला. कंपनीतले जीवशास्त्रज्ञ कीथ जोन्स यांनी टाक्यांतल्या बासवर चवीचे प्रयोग केले आणि ‘नोइंग बास’ हे पुस्तक लिहिलं. कंपनीचं ‘पॉवरबेट’ साध्या प्लॅस्टिकपेक्षा मासा अठरा पट जास्त वेळ धरून ठेवतो, अशी जाहिरात झाली. जाहिरातीतले आकडे जाहिरातीसारखेच घ्यावेत. दिशा मात्र चुकीची नाही. ‘गल्प’ या मालात तर कंपनीने पीव्हीसी सोडून पाण्यावर आधारलेला लगदा वापरला, म्हणजे चव पाण्यात उतरते. पण गळावर तसंच उन्हात राहिलं, तर हे आमिष आक्रसून असं कडक होतं, की कापूनच काढावं लागतं.

मिठाची कथा निराळी. ओक्लाहोमातल्या जीन लॅरू कंपनीने मीठ घातलेली आमिषं लोकप्रिय केली, ती चवीच्या नावावर. पण गॅरी यामामोटो यांच्या प्रसिद्ध ‘सेंको’ या कांडीसारख्या आमिषात मिठाचं खरं कर्तब वजनाचं दिसतं: कांडी शिशाशिवाय बुडते आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. मिठामुळे ती लवकर तुटते, ही त्याची किंमत.

हाताचा वास झाकायला आमिषावर सेंट हवंच, असंही सांगितलं जातं. त्यामागे थोडं विज्ञान आहे: माणसाच्या त्वचेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाने स्थलांतर करणारे सामन मासे बिचकतात, हे 1950 च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं. सामनवरचा हा निष्कर्ष बासच्या गळ्यात बांधला तो गळकऱ्यांनी. ‘डब्ल्यूडी-40’ या गंजरोधक फवाऱ्यात माशाचं तेल असतं, ही अफवाही अशीच चिवट. कंपनीने ती कधीच खोडून काढली आहे, तरी खनिज तेलाचे फवारे आमिषांवर मारणारे लोक आहेत.

घास जास्त वेळ धरला, की गळ घशात खोलवर जाण्याचा धोकाही वाढतो. रे स्कॉटच्या ‘बास’ या गळकऱ्यांच्या संघटनेने 1972 पासून आपल्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडण्याची पद्धत रुजवली, त्या खेळात हा धोका क्षुल्लक नव्हे. तुटलेली प्लॅस्टिकची गांडुळं तळाशी साचतात, मासे ती गिळतात. 2013 मध्ये मेन राज्यात त्यांच्यावर बंदी आणणारं विधेयक आलं. बंदी झाली नाही. कोलोरॅडोत फक्त कृत्रिम आमिषांना मोकळ्या असलेल्या पाण्यांचा नियम मात्र बारकाईने लिहिलेला आहे: सेंट कारखान्यात मिसळलेलं असो की वरून चोळलेलं, ते आमिष तिथे कृत्रिम धरलं जात नाही. खिशातली बाटली उघडली, की कालपर्यंत चालणारं बिनवासाचं गांडूळही बेकायदा.